लेकीच्या नावावरची विक्री

विवरणपत्राच्या दिवसांत माझ्या करसल्लागाराच्या कचेरीत येणारी माणसं एकतर चोरासारखी येतात, नाहीतर लुटल्यासारखी. मोजेवाल्या काकू नुसत्याच येऊन बसल्या, खुर्चीच्या टोकावर. बोलायचं काम त्यांच्या धाकट्या भावाने आधीच पत्करलं होतं.

"भाचीच्या नावाने कर खात्याचं पत्र आलंय. ऑनलाइन दुकान होतं तिचं. तान्ह्या बाळांचे लोकरी मोजे."

"मग भाचीला आणायचं ना!"

"ती गेली. दीड वर्ष होईल आता."

मी पत्र पुन्हा वाचलं. मोजे ज्या संकेतस्थळावर विकले जात, त्या कंपनीने नियमाप्रमाणे वर्षाची विक्री खात्याला कळवली होती. विक्री गेल्या वर्षाची होती. सगळीच्या सगळी ती गेल्यानंतरची.

"काकू, मग विकले कुणी?"

"विणते मी. आधीपासून मीच विणायचे. फोटो, गिऱ्हाइकांशी बोलणं, पार्सलं, हे तिचं. आता तेही मीच करते."

"तिच्या नावाने!" भाऊ म्हणाला. "परलोकातून धंदा चाललाय म्हणा ना." स्वतःच्या विनोदावर तो हसला आणि बहिणीकडे बघून त्याने हसू आवरलं.

रक्कम किरकोळ होती. कर लागतच नव्हता. तसं मी सांगितलं.

"मग राहू दे ना तसंच," काकू म्हणाल्या.

"कर नसला तरी दाखवावं लागतं. ही तुमची कमाई, तुमच्या विवरणपत्रात. लेक गेल्याचं खात्याला कळवायचं. आणि ते दुकान बंद करून तुमच्या नावाने नवं उघडायचं. गिऱ्हाइकं काय, मोज्यांसाठी येतील तिकडे."

"मोज्यांसाठीच येत नाहीत हो." त्यांनी फोन पुढे केला. एका बाईने विचारलं होतं, 'आईंची तब्येत कशी आहे आता?' खाली उत्तर होतं, 'आई ठणठणीत आहे.'

"तुम्ही आजारी होतात?"

"मला काय धाड भरलीय! आजारी ती. पार्सलाला उशीर झाला की लिहायची, आईला बरं नाही. स्वतःचं दुखणं माझ्या नावावर खपवायची. ती गेल्यावर वाचलं मी हे." त्यांनी पदराने फोनची काच पुसली. "लोक तिला विचारतात. अजून तिलाच विचारतात."

"ताई, पुरे," भाऊ म्हणाला, पण हळू.

मुदत संपत आली होती. दुसरा मार्ग असता तर मी तो फुकट सांगितला असता, आणि फुकट सांगणं माझ्या स्वभावात नाही.

काकूंनी सह्या केल्या. मग भावाने फोनवर दुकान बंद करायचं पान काढलं. कारण विचारलं होतं: विक्री होत नाही, वेळ नाही, दुसरीकडे दुकान काढलं, इतर.

"'इतर' करा," मी म्हणालो.

"हे मी नाही दाबणार, ताई. तू दाब."

त्यांनी दाबलं. लेकीचा फोटो गेला, तिथे राखाडी गोल आला. जुने निरोप तेवढे वाचता येत होते. सगळ्यांत वरचा त्याच सकाळचा होता: 'बाळ उभं राहायला लागलं. मोजे आता टाचेत अडकतात. एक माप मोठे कराल का, ताई?'

काकूंनी अंगठा आणि तर्जनी ताणून टेबलावर माप धरलं.

"लोकर आहे घरात," त्या म्हणाल्या आणि उत्तर कुठे लिहायचं ते काचेवर शोधत राहिल्या.