पालथ्या पाट्या

तोंडी

हाताची घडी, तोंडावर बोट.

दुसरीच्या वर्गात माणिकबाई सकाळपासून एवढंच म्हणत होत्या. शाळा तपासणारे दिपोटी साहेब परीक्षा घ्यायला यायचे होते आणि पोरं म्हणजे नुसत्या चुरमुऱ्यांसारखी तडतडत होती. एकाला बसवावं तर दुसरं उठे. जयवंतानं बाळची पेन्सिल खाल्ली होती. अर्धी. उरलेली अर्धी तो परत द्यायला तयार होता, पण बाळला अख्खीच हवी होती.

माणिकबाई वर्गात छडी ठेवत नसत. नोकरीला लागतानाच त्यांनी तसं ठरवलं होतं, आणि हेडमास्तर मार्तंडराव त्यावरून रोज टोचत. "बाई, अंधेरीच्या बाजारात एवढा गलका नसतो हो!" बाई हसण्यावारी न्यायच्या. आज हसू येत नव्हतं. खिडकीजवळ बसलेल्या शेवंतीकडे त्यांची नजर सारखी जात होती.

शेवंतीचा बाप सहदेव आरे कॉलनीत म्हशींच्या गोठ्यावर कामाला. काल शाळा सुटताना तो दारात आला होता. चपला बाहेर, मान खाली.

"बाई, पास झाला तर शिकांदे. नायतर घरात ल्हान झील आसा. आवस कामाक जाता. तेका कोण बघतला?"

"होईल हो पास. हुशार आहे पोर."

"तुमी म्हणतास तर होतला."

आणि गेला. पास झाली तर शाळा, नाहीतर घरी तान्हा भाऊ सांभाळायचा. म्हणजे सगळं आता बाईंच्या शब्दावर आलं. म्हणजे आज जर का शेवंती...

हाताची घडी! तोंडावर बोट!

साहेब आले.

लेखी

वर्ग उभा राहिला, एका सुरात नमस्ते म्हणाला, बसकरपट्ट्यांवर धपाधप बसला. साहेब तोंडानं गणित सांगणार, पोरांनी ते पाटीवर सोडवायचं.

"एका गोठ्यात सत्तेचाळीस म्हशी. त्यातल्या एकोणीस दुसऱ्या गोठ्यात नेल्या. उरल्या किती?"

शेवंतीचा हात वर.

"साहेब, दुभत्या नेल्या का भाकड?"

वर्ग फुटला. जयवंत तर हसता हसता मागच्याच्या मांडीवर आडवा झाला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हशी म्हणजे म्हशी."

"पण साहेब, भाकड वेगळ्या बांधतात."

"शेवंती!" बाई ओरडल्या. "हाताची घडी!"

"बाई, मग लिहू कशी?"

पुन्हा हशा. दारात उभ्या मार्तंडरावांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी आणखी दोन गणितं घातली. बाई रांगेरांगेतून फिरू लागल्या. कुणी बोटं मोजत होतं, कुणी शेजाऱ्याची. शेवंतीच्या मागे येऊन त्या थांबल्या. पाटीवर अठ्ठावीस. खालचं गणित बरोबर. त्याच्या खालचंही बरोबर, आकडे तर असे गोल की बघत राहावं. बाईंनी श्वास सोडला. सुटली. सुटली पोर.

"पाट्या पालथ्या!"

पाट्या पालथ्या झाल्या. आता साहेबांनी एकेक उचलायची, बघायची, गुण द्यायचे, की झालं. तेवढ्यात मार्तंडराव पुढे झाले.

"साहेब, आधी चहा घेऊ. पोहे निवतील."

"साहेब, पाट्या पाहून मग गेलात तर..." बाई म्हणाल्या.

"पाट्यांना काय पाय फुटणार आहेत, बाई?" मार्तंडराव म्हणाले. साहेब हसले. निघताना मार्तंडराव बाईंच्या कानाशी, पण चांगलं मोठ्यानं पुटपुटले, "साहेब परत येतील तेव्हा वर्ग स्वच्छ दिसू दे. सगळं कसं स्वच्छ."

मधली सुट्टी

"शेवंती, तू बाहेर जायचं नाहीस. काल बाळला चावलीस. आज साहेब आहेत, मला तमाशा नको. इथंच बस. पाट्या सांभाळ."

"बरं, बाई."

घंटा झाली, पोरं अंगणात सांडली, आणि बाईंच्या पदराला चारी बाजूंनी हात लागले.

बाई, हा बघा ना. बाई, मी नाही, आधी त्यानं. बाई, हा मला बेडूक म्हणाला. बाई, मी बेडूक नाही म्हटलं, बेडकासारखा म्हटलं. बाई, जयवंत झाडावर चढलाय. बाई, जयवंतला उतरता येत नाहीये. बाई, बाळ रडतोय. बाई, बाळ हसतोय. बाई, साहेब आपल्याला नापास करणार का? बाई, माझा डबा कावळ्यानं नेला. बाई, खोटं बोलते, तिनं आणलाच नव्हता. बाई. बाई. बाई.

बाईंनी जयवंताला पायाला धरून उतरवलं. डबा न आणलेल्या मुलीला स्वतःच्या डब्यातली पोळी दिली. बेडकाचा निवाडा केला. मारामारी झाली नाही, रक्त निघालं नाही. कशीबशी का होईना, सुट्टी निभली, असं म्हणत त्या वर्गाकडे वळल्या.

शेवंती दारातच उभी होती. हातात ओलं फडकं, कपाळावर घाम, फ्रॉकचा पुढचा भाग भिजलेला. तिच्यामागे भिंतीला ओळीनं टेकवलेल्या पाट्या.

काळ्या. कोऱ्या.

"बाई, सगळ्यांच्या पुसल्या! जयवंताच्या पाटीवर तर नुसतं खरडलेलं होतं. दोनदा पाणी आणलं मी. स्वच्छ झाल्या ना?"

महिनाभर बाईंनीच घोकून घेतलं होतं. साहेबांसमोर पाटी कशी हवी? आणि सगळा वर्ग ओरडायचा, काळी कुळकुळीत!

"तुझी?" बाईंनी विचारलं.

"माझीसुद्धा," शेवंती म्हणाली. तोंडभर हसली.

चापट बसली तेव्हा क्षणभर बाईंना कळलंच नाही की हात आपला आहे.

पुन्हा लेखी

साहेब माणूस वाईट नव्हता. रागावलासुद्धा नाही. "पोरंच ती. पुन्हा घेऊ, त्यात काय." नवी गणितं सांगितली. या वेळी गोठा नव्हता, पेरू होते.

वर्ग असा शांत की असा शांत वर्ग मार्तंडरावांनी या शाळेत पाहिला नव्हता. चापट सगळ्यांनी पाहिली होती. जयवंतसुद्धा मान खाली घालून लिहीत होता.

शेवंती लिहीत नव्हती. हाताची घडी, आणि तोंडावर बोट.

"साहेब, हिची मघाशी सगळी बरोबर होती. मी स्वतः पाहिली."

"तुम्ही पाहिलीत, बाई. मी पाहायला नको का?" साहेबांनी कोऱ्या पाटीकडे बोट केलं. "लिही गं पोरी."

बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. तिच्या गालावर बोटं उमटली होती. ती मोजायची नव्हती, तरी मोजली गेली.

"शेवंती, लिही ना गं. येतं तुला. लिही, बाळा."

शेवंती अगदी हळू, समजूत काढल्यासारखी म्हणाली, "नाही बाई. आता नाही हात लावणार पाटीला. शपथ."

"अगं, तसं नव्हतं मी..."

"पाट्या पालथ्या," साहेब म्हणाले.

निकाल

"एक सोडून सगळी पास!" मार्तंडराव ओसरीवर हात चोळत होते. "आणि शिस्त काय दिसली! बघा बाई, एकदा हात उचललात आणि फरक पडला की नाही?" साहेब शेजारीच उभे राहून पान लावत होते.

पायरीखाली सहदेव आला. त्याला कुणी काही सांगायला नको होतं. लेकीच्या तोंडाकडे त्यानं पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई, तेना कायच लिवक नाय?"

लिहिलं होतं. सगळं बरोबर लिहिलं होतं. मीच तिला आत ठेवली, मीच पाट्या पुसायला शिकवलं, मीच मारलं. एवढं बोलायचं होतं. वर ओसरीवर दोन माणसं उभी होती, आणि त्यांच्यादेखत बोलायचं होतं.

"नाही," माणिकबाई म्हणाल्या.

शेवंतीनं वर पाहिलं. बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, जसं फळ्याकडे बघावं तसं.

"काय गो? खरा?" बापानं विचारलं.

तिनं मान हलवली. हो.

"मगे जमाचा नाय तेका. जावंदे. तुमी तरी काय करतलास, बाई." त्यानं हात जोडले. मनापासून जोडले. "चल गो, झील रडत असतला."

भाऊ रडतोय हे ऐकल्याबरोबर शेवंती बापाच्या पुढे धावत सुटली. घरी तान्हं रडत होतं, आणि ते सांभाळणं आता तिच्याकडे होतं.