चोरीला गेलेले पत्ते

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना ताई आपल्या संस्थेतर्फे आसरा मिळवून देत. कोणाला खोली, कोणाला काम, कोणाच्या मुलांना शाळा. या बायकांचे नवे पत्ते ताईंच्या लॅपटॉपमध्ये असत. ते तिसऱ्या कोणाच्या कानावर जाऊ नयेत, यावरच त्यांचं सगळं काम उभं होतं.

ताईंची वहिनी कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करायची. तिने ताईंच्या मागे लागून त्यांची हार्ड डिस्क एन्क्रिप्ट करून दिली होती. "म्हणजे आतला मजकूर पार विस्कटून ठेवायचा. पासवर्ड टाकला तरच तो परत जुळणार," तिने समजावलं होतं. पासवर्ड म्हणजे एक लांबलचक वाक्य होतं. ताई तो टाकताना हटकून चुकत आणि वहिनीच्या नावाने बोटं मोडत.

एका दुपारी संस्थेच्या ऑफिसात आतल्या खोलीत कोणी तरी रडायला लागलं म्हणून ताई उठून गेल्या. परत येऊन बघतात तर टेबल रिकामं आणि चार्जरची वायर खाली लोंबतेय. त्यांनी वहिनीला फोन लावला.

"वहिनी, लॅपटॉप गेला. उघडाच होता हो! पत्त्यांची फाइल समोरच होती."

"ताई, आधी खाली बसा. चोर काय तो उघडा लॅपटॉप ताटासारखा हातावर धरून गेला असेल? झाकण मिटलंच असणार त्याने. आणि मिटलं की कुलूप पडतं, मी तसंच लावून दिलंय."

"आणि नसेल मिटलं तर?"

"तरी थोड्या वेळाने आपोआप पडतं. पण तेवढ्या वेळाची खात्री मी देणार नाही. फायलींची दुसरी प्रत माझ्याकडे आहे, तीही कुलपातच."

पोलिसांत तक्रार झाली. संस्थेचे अध्यक्ष, डोळ्यांचे डॉक्टर, म्हणाले, "बायकांना उगाच कशाला घाबरवता? चोराला लॅपटॉप विकायचाय. पत्त्यांशी त्याला काय देणंघेणं?"

"असेलही तसं," ताई म्हणाल्या. "पण पत्ते त्यांचे आहेत, डॉक्टर. त्यांना कळायला नको?"

त्यांनी एकेकीला फोन केला. बहुतेकींनी खोदून खोदून विचारलं, दोघी तिघी चिडल्याही. शिवणकाम करणारी एक बाई मात्र सगळं ऐकून नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं"च ताईंना खटकलं. वहिनीला घेऊन त्यांनी तिची खोली गाठली.

दाराशी दोन पिशव्या भरून ठेवलेल्या होत्या. शिलाई मशीन चादरीत गुंडाळलेलं. लहान मुलगी बूट घालून बसली होती.

"तुमच्यावर राग नाही, ताई," बाई म्हणाली. "पण याआधी दोनदा घर बदललंय मी. दोन्ही वेळा कोणी ना कोणी म्हणालंच होतं, काही होणार नाही म्हणून."

वहिनीने तिथेच बैठक मारली. तिने पिशवीतून एक सुटी डिस्क काढली आणि वायरने आपल्या लॅपटॉपला जोडली.

"ही माझ्या जुन्या लॅपटॉपची डिस्क. कुलूप ताईंसारखंच आहे. आत माझ्या लग्नाचे फोटो आहेत. काढून दाखवा."

बाईने इकडे दाबलं, तिकडे दाबलं. पडदा फक्त पासवर्ड मागत राहिला. तिने मनाला येईल ते टाइप करून पाहिलं. डिस्क ढिम्म हलली नाही.

"आणि चोराने लॅपटॉप खोलून डिस्कच बाहेर काढली तर?"

"मग ही काय आहे? काढलेलीच तर आहे."

मग वहिनीने आपला पासवर्ड टाकला. फोटो भराभर उघडले. मुलगी पुढे सरकली. "ही नवरी रडतेय का?"

"यांचा भाऊ पदरात पडला होता, रडू नको तर काय करू!" वहिनी म्हणाली. ताईंना हसू फुटलं, आणि त्या पाठोपाठ बाईलाही.

बराच वेळ विचार करून तिने मुलीला बूट काढायला सांगितलं. "राहते मी. पण माझा पत्ता परत कशात लिहू नका. डोक्यात ठेवा."

"ठेवते," ताई म्हणाल्या.

वहिनीकडची दुसरी प्रत फक्त स्वतःला ठाऊक असलेल्या पासवर्डने उघडून ताईंनी आधी तिचा पत्ता पुसला. मग बाकीच्यांना पुन्हा फोन लावून एकच विचारलं, तुमचा ठेवू का? दोघींनी नको म्हटलं. बाकीच्या ठेवा म्हणाल्या. त्यातल्या एकीने उलट विचारलं, "ठेवा, पण उद्या तुम्हालाच काही झालं तर ते कुलूप उघडणार कोण?"

हे ताईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. "विचार करून सांगते हं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून वहिनीकडे जायला निघाल्या.