चहा ओतण्याआधी

"चहा ओतायच्या आत नाव घे, मारैके. एकदा पेले भरले की समोरच्यांच्या तोंडी नुसतं हवापाणी."

निवृत्त होताना रेनियेर्स साहेबांनी तिला एवढंच बजावलं होतं. बीजिंगला चिनी अधिकाऱ्यांबरोबरच्या मानवी हक्कांच्या बैठकीत कैद्यांच्या नावांचा कागद कुणी हातात घेत नाही. नावं तोंडानेच घ्यावी लागतात, आणि वेळेवर.

पण उद्या बीजिंगला निघाली होती ती कचेरीतली नवी सहकारी बेनेदिता.

युरोपचं धोरणच असं, एका हाताने दाराला कुलूप घालायचं आणि दुसऱ्याने कडी वाजवायची. कुलूप मारैकेचं. चीनवरच्या निर्बंधांचा मसुदा तिनेच लिहिला, म्हणून चीनने तिलाच देशात यायला बंदी केली. कडी वाजवायला मग ही कालची पोरगी!

ब्रसेल्सच्या कचेरीत बेनेदितासाठी केक कापला. तिचा नवा हिरवा कोट तिला शोभत होता, तेही मारैकेला सोसवेना.

"नावांचं काय करणार आहेस?"

"घाई कशाला? चहापाणी होऊ दे, जरा गोडीगुलाबी होऊ दे, मग हळूच काढीन. तू इतकी वर्षं गेलीस, काही सांग ना गं!"

"थंडी असते. जाड मोजे ने."

"बस, मोजेच?" बेनेदिता खळखळून हसली.

मारैकेही हसली. आपटू दे एकदा, मग कळेल कुणाच्या खुर्चीत बसलीय ते. केकचा तो घास तिला फार गोड लागला.

संध्याकाळी नेमाची मेणबत्ती लावून ती चर्चबाहेर आली, तर पायरीवर मिआओ उभी. तिचा नवरा, वकील छ्यू वेनबो, तिकडे तुरुंगात होता. बैठकीत त्याचं नाव घेतलं जाईल, असा शब्द मारैकेने तिला दिला होता.

"या खेपेला मी नाही जात, मिआओ. दुसरीच कुणी निघालीय. तिला काय जमणार..."

"कोणी का जाईना, बाई! मागे तुम्ही नाव घेतलंत, तर त्याला पांघरूण मिळालं. नाव कानावर पडलं की मारणाऱ्याचा हात आखडतो." मिआओने तिचा हात धरला. "त्यांना सगळं नीट सांगितलंत ना?"

मारैकेला तिच्याकडे बघवेना. "सांगते," ती पुटपुटली.

मिआओ गेली. मारैके पायरीवरच घोटाळली. मनातली जळफळ काही शमली नव्हती, हिरवा कोट अजून डोळ्यांत सलत होता. तरी तिने मफलर गुंडाळला आणि ती बेनेदिताच्या घराकडे जाणाऱ्या ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली.