सानाएचं औषध

"पेट घेतं का?"

"नाही."

"स्फोट?"

"नाही."

"धातू खातं?"

"कंपनीनं लोखंड, ॲल्युमिनियम दोन्ही बुडवून ठेवली होती. डागसुद्धा पडला नाही."

"गुणी बाळ आहे अगदी," हाझामा-सान म्हणाले. "एकदा जेवायला बोलवू या का याला?"

समितीच्या खोलीत हशा पिकला. उत्तरं देणारी कुवाबाता सानाएही सवयीनं हसली आणि तिनं पान उलटलं. गेली सव्वीस वर्षं ती हेच काम करत आली होती. टोकियोच्या कडेला असलेल्या या संस्थेत रसायनं कागदावरूनच येत. खरा थेंब कुणी पाहत नसे. रसायन जळतं का, फुटतं का, गिळलं तर काय, डोळ्यांत गेलं तर काय, पोटातल्या पोराला काय, असे रकाने एकेक करून भरायचे. रकान्यावरून वर्ग ठरायचा आणि वर्गावरून डब्यावरचं चित्र. ज्वाळा, कवटी, उद्गारचिन्ह, नाहीतर छातीत चांदणी फुटलेला माणूस. या शेवटच्या चित्राला सानाए सगळ्यांत जास्त घाबरायची, कारण ते हळूहळू पोखरणाऱ्या दुखण्याचं होतं.

आजची फाइल एका तणनाशकाची होती. बऱ्याच वर्षांनी फेरतपासणीला आली होती. गिळल्यास चौथा, म्हणजे सौम्य वर्ग, उद्गारचिन्ह. डोळ्यांत गेल्यास चुरचुर, पुन्हा उद्गारचिन्हच. सगळं सुरळीत चाललं होतं.

"आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर?" अध्यक्ष नानिवा-सानांनी विचारलं. "मज्जातंतूंना काही?"

सानाएनं त्या रकान्यावर बोट ठेवलं.

हे तणनाशक तिच्या घरचं होतं म्हटलं तरी चालेल. एहिमे प्रांताच्या किनाऱ्यावर, थेट समुद्रात उतरणाऱ्या डोंगरावर, तिच्या वडिलांची संत्र्यांची बाग होती. दगडी बांधांच्या चौदा पायऱ्या. वडिलांमागे ती थोरला भाऊ तामोत्सु बघायचा. दहा वर्षांपूर्वी ओबोनला, पितरांच्या सणाला, ती गावी गेली तेव्हा त्यानं तिच्यापुढे ओसरीवर तीन डबे आणून ठेवले होते.

"तू एवढी मोठी धोके ओळखणारी. सांग, यातलं कुठलं औषध मारू?"

"दादा, मी काय दुकानदार आहे?"

"दुकानदार तिन्ही चांगली म्हणतो. म्हणून तर तुला विचारतोय."

मग सानाएनं त्याला चित्रं वाचायला शिकवलं. एका डब्यावर कवटी होती, दुसऱ्यावर छातीत चांदणी फुटलेला माणूस. तिसऱ्यावर नुसतं उद्गारचिन्ह.

"ही दोन घराबाहेर काढ," ती म्हणाली. "हे त्यातल्या त्यात बरं."

'त्यातल्या त्यात' हे शब्द तामोत्सुनं ऐकलेच नसावेत. त्याच संध्याकाळी त्यानं शेजारच्या बांधावर ती शिकवणी जशीच्या तशी चालू केली. पुढच्या दोन वर्षांत तो सगळा उतार तेच तणनाशक मारू लागला, आणि सहकारी दुकानात जाऊन लोक "सानाएचं औषध द्या" म्हणून मागू लागले. वहिनी हे फोनवर हसून हसून सांगायची. खरं सांगायचं तर सानाएलाही ते आवडायचं. ज्या गावात इतकी वर्षं फक्त तिच्या न झालेल्या लग्नाची चर्चा व्हायची, तिथे आता तिच्या नावानं डबा विकला जात होता.

त्या डब्यावर चांदणीवाला माणूस का नाही, हे मात्र तिनं तेव्हा पाहिलं नव्हतं. पाहायला हवं होतं. मज्जातंतूंच्या रकान्यात 'धोका नाही' असं लिहिलेलंच नव्हतं. तिथे होतं 'वर्गीकरण शक्य नाही', म्हणजे माहिती पुरेशी नाही, काही सांगता येत नाही. कागदावर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवीन आलेल्या माणसाला सानाए पहिल्याच दिवशी हा फरक घोटून घेऊन शिकवायची. डब्यावर मात्र दोन्हींचं एकच होतं, तिथे काहीच छापलेलं नसतं. सानाएला हे झोपेतही सांगता आलं असतं. पण ओसरीवर, कलिंगडाची फोड हातात घेऊन, भावासमोर बसल्यावर तिनं चारचौघांसारखा डबा फिरवून पाहिला आणि चित्र नाही म्हणजे धोका नाही, असं ती धरून चालली. हीच चूक दुसऱ्या कुणी केली असती तर तिनं त्याला फैलावर घेतलं असतं.

गेल्या नोव्हेंबरात वडिलांच्या तेराव्या वर्षाच्या श्राद्धाला ती गावी गेली. तोडणीचे दिवस होते, म्हणून विधी आटोपल्यावर सगळे बागेत गेले.

संत्रं तोडताना कातर दोनदा चालवायची असते. पहिल्यांदा थोड्या देठासकट फळ फांदीवरून सोडवायचं. मग ते हातात धरून उरलेला देठ सालीलगत छाटायचा. देठ तसाच राहिला तर पेटीत तो शेजारच्या फळाला टोचतो आणि टोचलेलं फळ बुरशी धरतं. वडील पोरांनी तोडलेलं फळ स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचे. टोचलं की हाक पडायची. सानाएला ती हाक कितीदा तरी पडली होती, तामोत्सुला एकदाही नाही.

त्या दिवशी तामोत्सु पहिली कातर चालवून फळ न बघताच वहिनीच्या टोपलीत टाकत होता.

"दुसरी कातर आता ही चालवते," तो हसत म्हणाला. "म्हातारपणी नवरा-बायकोनं कामं वाटून घ्यावीत."

"हात बघू तुझा."

त्यानं हात पुढे केला. बोटं थरथरत होती. थंडी नव्हती, ऊन चांगलं पाठीवर येत होतं.

"दाखवलाय डॉक्टरला. वय झालं म्हणाला."

"तू काय फवारतोस ते विचारलं का त्यांनी?"

"ते कशाला विचारतील? मीच सांगून टाकलं, औषध आमच्या सानाएनं निवडलेलं आहे, त्यानं काही होत नाही."

वहिनी खाली मान घालून देठ छाटत राहिली.

म्हणूनच मे महिन्यात पाळीपाळीनं येणाऱ्या फाइलींमधून नेमकी हीच फाइल तिच्या टेबलावर आली, तेव्हा तिला देवच पावल्यासारखं वाटलं. कधी नव्हे ते आपल्या हातात काहीतरी आहे, असं तिला वाटलं. पाच महिने ती त्या एका रकान्यामागे लागली. हाताला काय लागलं? उंदरांवरचा एक जुना प्रयोग, ज्यात सगळ्यांत जास्त मात्रा दिलेले उंदीर मागचे पाय ओढत चालत होते. पण त्याखालच्या मात्रेचं पानच गहाळ होतं आणि ती प्रयोगशाळा कधीच बंद पडली होती. दुसरं म्हणजे एका खेड्यातल्या डॉक्टरनं वैद्यकीय मासिकाला लिहिलेलं पत्र. तीन बागायतदार, तिघांचेही हात थरथरतात, तिघेही हेच मारतात. सानाएनं त्या डॉक्टरला लिहिलं. उत्तर त्याच्या बायकोचं आलं. डॉक्टर वारून चार वर्षं झाली होती आणि त्याचे कागद तिनं घर बदलताना रद्दीत दिले होते. त्याबद्दल तिनं फार मनापासून माफी मागितली होती.

"कुवाबाता-सान?" नानिवा-सान थांबले होते.

"माझ्या मते दुसरा वर्ग द्यावा," सानाए म्हणाली. "चांदणीचं चित्र."

"आधार?"

"उंदरांचा प्रयोग आणि ही तीन माणसं."

"प्रयोगाचं पान नाही. आणि या तिघांनी किती, कधी, हातमोजे घालून की न घालता फवारलं, याची काही नोंद?"

"नाही."

"इतर कुठली औषधं मारत होते?"

"माहीत नाही."

नानिवा-सान वाईट माणूस नव्हते. ते हेच विचारणार हे तिला ठाऊक होतं; त्यांच्या खुर्चीत ती असती तर तिनंही हेच विचारलं असतं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं,

"चौथाही आहे."

"कुठे प्रसिद्ध झालाय?"

"कुठेच नाही. माझा भाऊ आहे तो."

हाझामा-सानांनी हातातलं पेन हळूच टेबलावर ठेवलं.

"कुवाबाता-सान," नानिवा-सान अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मग ही फाइल तुम्ही घ्यायलाच नको होती. घरचा माणूस असेल तर बाजूला व्हायचं, हा नियम तुम्हीच तर लिहिलाय."

खरंच तिनं लिहिला होता. सहा वर्षांपूर्वी, एका कंपनीच्या मालकाच्या मेहुण्याला समितीतून दूर ठेवायला. आता त्याच नियमानं तिचे पाच महिन्यांचे कागद तिच्यासमोरून सरकत हाझामा-सानांपुढे गेले आणि तिला बाहेर बसायला सांगण्यात आलं. जिना उतरायच्या जागी यंत्रातून चहाची बाटली घेऊन ती उभी राहिली. बाटली उघडायच्या आत हाझामा-सान बाहेर आले.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"काय लिहिलंत?"

"दुसरं काय लिहिणार हो?" ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुम्हीच शिकवलंय मला. 'वर्गीकरण शक्य नाही.'" मग म्हणाले, "त्या उंदरांचं मी तळटिपेत घातलंय."

तळटीप डब्यावर छापत नाहीत. हे दोघांनाही माहीत होतं. सानाएनं वाकून आभार मानले, कारण त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं होतं.

त्या शनिवारी तिनं गावी फोन लावला.

"दादा, ते औषध बंद कर."

"का? चित्र आलं का त्याच्यावर?"

"नाही आलं."

"मग?"

"मला भीती वाटते म्हणून."

"तुला तर बेडकाचीही भीती वाटायची."

"दादा, चेष्टा नको. मी चुकले तेव्हा. नीट न बघता सांगितलं तुला."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग तामोत्सु म्हणाला,

"हे बघ, तुझ्या कचेरीतून कागद आण, उद्या बंद करतो. सगळ्या उताराला मी हे सांगितलंय. आता काय सांगू, आमच्या सानाएला भीती वाटते? आणि गवत कशानं काढायचं? शेजारचा नाकाओ गवत कापायचं यंत्र घेऊन बांधावरून पडला, तो अजून काठी टेकत चालतोय. या हातात मी यंत्र धरू?"

कागद म्हणाल तर तिच्याकडे एकच होता, आणि तो तर भावाच्याच बाजूनं बोलत होता.

"तू नको वाईट वाटून घेऊस," शेवटी तामोत्सुच म्हणाला. "वय झालंय, दुसरं काही नाही. संत्री पाठवतो."

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी पेटी आली. दरवर्षी यायची तशीच, वडिलांच्या नावाचा शिक्का असलेली. सानाए पेटी उघडायला बसली तोच वहिनीचा फोन आला.

"पोचली का गं? लगेच उघडून बघ, तशीच बंद ठेवू नकोस."

"का हो वहिनी?"

"यंदा तुझी पेटी त्यानं मला भरू दिली नाही. म्हणाला, सानाएची आहे, दोन्ही वेळा कातर मीच चालवणार. दोन दिवस बसला होता." वहिनीचा आवाज खाली आला. "मी काही बोलले नाही. तूही त्याला काही बोलू नकोस."

"नाही बोलणार."

सानाएनं वरचा कागद काढला. संत्र्यांचा वास खोलीभर पसरला, पण त्यात बुरशीचाही वास होता. बहुतेक फळांचे देठ तसेच राहिले होते, कुठे बोटाच्या पेराएवढे. काहींवर दुसरी कातर चालवायचा प्रयत्न झाला होता. तिथे देठ तसाच होता आणि साल कापली गेली होती, एकाच फळावर तीन तीनदा. लांबच्या प्रवासात फळं एकमेकांना टोचत आली होती. मधल्या थरातली सात-आठ हिरवी पडून मऊ झाली होती.

तिनं ती बाजूला काढली. वर्तमानपत्र पसरून उरलेली सगळी संत्री त्यावर मांडली आणि स्वयंपाकघरातली कात्री घेऊन जमिनीवर बसली. एकेक फळ हातात धरून ती देठ सालीलगत छाटू लागली. छाटलेलं फळ ती गालावरून फिरवून बघे आणि मग पेटीत ठेवी. अर्ध्याहून जास्त झाली असतील तेव्हा पुन्हा फोन वाजला. या वेळी तामोत्सु होता.

"कशी आहेत?"

"गोड आहेत."

"आणि देठ? टोचत नाहीत ना?"

सानाएनं हातातलं संत्रं गालाला लावलं.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात टोचत नाहीत."

"बघ, मी म्हटलं होतं हिला," तो खुशीत म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तिनं कात्री पुन्हा उचलली. तिचा हात जराही थरथरत नव्हता, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. वर्तमानपत्रावर अजून वीसेक संत्री उरली होती. तिनं पुढचं उचललं.