चाकाची साक्ष

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास शिरूरच्या बाह्यवळणालगतच्या मोकळ्या जागेत एकोणतीस गाड्या रांगेत उभ्या होत्या. अठ्ठावीस इतरांच्या, एक माझी.

चाकवाले महाराज म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ लाल कापडात गुंडाळलेली बाटली घेऊन एकेका गाडीपाशी जात होते. पुढच्या चाकासमोर बसायचे, डोळे मिटायचे आणि बाटलीतलं तीर्थ फवारायचे. तीर्थ पाण्यासारखं नितळ. अर्धा मिनिट काही व्हायचं नाही. मग चाकाच्या चंदेरी आऱ्यांवर जांभळट तांबडे ठिपके उमटायचे, ठिपक्यांच्या धारा व्हायच्या आणि मातीत टपकायच्या. सोबत कुजका वास. गर्दी एक पाऊल मागे सरायची आणि लगेच दोन पावलं पुढे यायची.

"वास वळखा," महाराज म्हणायचे. "मढ्याचा हाय. इंजिनाला ऑइल घालता, बंपरला लिंबू-मिरची बांधता. चाकाला कुणी पुसलं का? रस्त्यावर जे सांडतं ते चाक पितं. आज वकतंय."

बारा दिवसांपूर्वी कवठे येमाईच्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्या झुंबरबाईंना कुठल्याशा वाहनाचा धक्का बसला होता. वाहन थांबलं नव्हतं. गावचे पुढारी भिमाजीआप्पा यांनी जाहीर केलं होतं, की ज्याच्या चाकातून जास्त वाहील, बाईंना उडवणारा तो.

माझ्या चाकातून फिकट चार रेघा आल्या. "साधी नजर हाय," महाराज म्हणाले. मी सुस्कारा सोडला. मी पत्रकार आहे आणि रसायनशास्त्राचा पदवीधरही, हे इथेच सांगून टाकतो.

विसावी गाडी सोहेबची. बाह्यवळणावर वॉशिंग सेंटर चालवणाऱ्या इनुसमामांचा हा मुलगा कंपनीच्या साहेबांना रांजणगाव ते पुणे रोज ने-आण करतो. त्याच्या चाकातून धार नव्हे, पाटच निघाला. आरे, नट, टायरची कड, सगळं लाल झालं. उरलेल्या नऊ गाड्यांतून इतकं काही आलं नाही.

"सोहेब, खरं सांग," आप्पा म्हणाले.

"आप्पा, त्या दिवशी मी पुण्यात होतो. साहेबांना फोन लावून देतो."

"साहेब काय, तुझीच बाजू घेणार. चाक खोटं बोलतं व्हय?"

सगळ्यांचं चाक कमी-जास्त वाहिलं होतं. तरी मला मनातून बरं वाटलं, की माझं कमी वाहिलं. बहुधा रांगेतल्या प्रत्येकालाच ते वाटलं असावं.

मग शुद्धी झाली. महाराजांच्या माणसाने काळ्या कॅनमधलं काहीतरी सोहेबच्या दोन्ही पुढच्या चाकांवर ओतलं. फेस उसळला, वाफ निघाली. "पाप उतू चाललंय," महाराज म्हणाले. पाणी मारल्यावर चाकांवर पांढरे चट्टे राहिले. मी फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर आली: 'चाकाने दिली साक्ष?' प्रश्नचिन्ह मी टाकलं होतं. त्याच्या आड लपायची मला जुनी सवय आहे. संध्याकाळपर्यंत कंपनीने सोहेबची गाडी बंद केली.

सोमवारी मी प्रतिक्रिया घ्यायला इनुसमामांकडे गेलो. ते सावलीत बसले होते, समोर सोहेबच्या गाडीचं उतरवलेलं चाक.

"या शंकरराव. फोटो काढायचा असंल तर ह्याचा काढा." त्यांनी चट्ट्यावर बोट फिरवलं. "ह्या चंदेरी मॅगव्हीलवर काचेवानी एक थर असतो. क्लिअर कोट. बाया नखाला लावतात तसा. तो हाय तवर आतलं ॲल्युमिनियम झाकलेलं. त्यानं ॲसिड ओतलं. थर गेला, आतलं उघडं पडलं. हे आता धुऊन जायचं न्हाई."

"मग धुतात कशानं?"

"मी अठरा वर्षं धुतोय. चाक गार होऊ द्यायचं. सावलीत घ्यायचं. साधा गाडीचा शाम्पू, मऊ ब्रश, भरपूर पाणी. कोरडं झालं की वर मेणाचा हात. म्हंजी ब्रेकची पूड चिकटत न्हाई. बस."

"सोहेबची गाडी तुम्ही धूत नव्हता?"

ते कसनुसं हसले. "अख्ख्या शिरूरची धुतो. ह्याची गाडी कवा घरी असती? दिवसभर रस्ता आन् ब्रेक. बोट लावलं तर काळं व्हायचं, इतकी पूड."

सोहेबची बायको रुबी आतून शर्ट घेऊन आली. तिचं बाजारपेठेत ब्युटी पार्लर आहे. "भाऊ, ह्याची बाही हुंगा. तीर्थाचे शिंतोडे उडालेत."

मी हुंगली. तोच कुजका वास.

"मढ्याचा म्हणं. मग माझं पार्लर मसणवटा हाय का? केस सरळ करायच्या क्रीमचा वास हाय हा. रोज हात बरबटतात. नवी मुलगी कामाला आली की मी पहिलं सांगते, लोखंडी वाटी घ्यायची न्हाई, लोखंडी पिन लावायची न्हाई. लोखंडाला लागलं की जांभळं होतं."

मी बाही पुन्हा हुंगली. क्रीममधलं ते रसायन लोखंडाशी जुळलं की जांभळा-तांबडा रंग देतं. पदवीच्या वर्गात हा रंग मी परीक्षानळीत पाहिला होता. त्यावर मला गुणही मिळाले होते.

पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट होती, माझ्या बातमीमुळे. रुबी एक स्टीलचं ताट घेऊन पुढे आली. सोहेब मागे उभा होता, मान खाली.

"महाराज, आधी मागच्या चाकावर मारा," ती आप्पांच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाली. "बाई काय फक्त पुढच्याच चाकाला दिसती का?"

"मागचं चाक पुढच्याच्या पुण्याईवर चालतं, बाई."

लोक हसले. पण आप्पा म्हणाले, "मारा की. बघू." महाराजांनी पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांवर फवारलं. पुढचं चाक वाहत होतं, मागचं जवळजवळ कोरडंच राहिलं.

"ह्या गाडीला मागं ड्रमब्रेक हाय, बंद डब्यावानी," इनुसमामा म्हणाले. "ब्रेकची पूड ड्रमातच राहती. पुढं डिस्क उघडी, पूड चाकावर बसती. त्या पुडीत लोखंड असतं."

"आता तुमच्या गाडीवर मारा," रुबी म्हणाली.

महाराज हलेनात. तिने त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि त्यांच्याच गाडीचं चाक फवारलं. भळाभळा वाहिलं.

"भक्तांची पापं मी अंगावर घेतो," महाराज म्हणाले, पण आवाज बसला होता.

रुबीने ताट जमिनीवर ठेवलं. त्यात लेथवाल्याकडून आणलेला गंजका लोखंडी कीस होता. त्यावर दोन फवारे मारले. लोक वाकले. हळूहळू ताट लालजांभळं झालं.

"ह्या ताटाखाली कोण मेलं?" तिने विचारलं.

महाराजांची बाटली आणि कॅन पोलिसांकडे गेले, महाराजांनाही नेलं. आप्पा सोहेबपाशी जाऊन "झालं ते झालं" म्हणाले. त्याने रुबीचं ताट उचललं आणि तो निघाला.

त्याच दुपारी मी कवठे येमाईला गेलो. आधी जायला हवं होतं. पाऊण तासाचा रस्ता आहे. झुंबरबाई खाटेवर होत्या, पाय प्लास्टरमध्ये.

"कुठल्या गाडीनं धक्का दिला, मावशी?"

"गाडी कुठली? उसाची ट्रॉली व्हती. ऊस बाहीर आलेला, त्याचा फटका बसला. त्या बिचाऱ्याला कळलंबी नसंल."

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"पहिल्या दिवशी लोक आले तवा मी सुदीवर नव्हते. मागनं कुणी इचारलंच न्हाई."

मी खुलासा लिहिला. तो सातव्या पानावर आला, नऊ ओळींचा. पहिल्या पानावर फोटोसह आलेली बातमी वाचणाऱ्या किती जणांनी तो पाहिला, मला माहीत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कंपनीने सोहेबला परत बोलावलं. चाकं बदलून देतो, असं मी म्हणालो, तर तो नको म्हणाला. पांढरे चट्टे तसेच घेऊन तो रोज आमच्या कचेरीवरून जातो. मी खिडकीत असलो तर मागे सरतो.

चाक वाहिलं, मूर्ती रडली, अंगारा पेटला, असं काही उद्या तुमच्यासमोर झालं, तर हात जोडण्याआधी मागच्या चाकावरही फवारायला सांगा. आणि कुणाचं नाव घेण्याआधी, जिला लागलं आहे तिला जाऊन विचारा. ती बहुतेक वेळा घरीच असते.