रिपोर्टातली बाई

"हा रिपोर्ट माझा नाही," म्हणत त्याने कागद खिडकीतून आत सरकवला.

खिडकीतल्या मुलीने नाव वाचलं, वय वाचलं. "तुमचाच आहे, काका."

"नाव माझं असेल हो. आतला माल दुसऱ्याचा आहे."

माणूस लॉन्ड्रीतला. आलेल्या प्रत्येक कपड्याला नंबराची चिंधी लावायची आणि धुऊन आल्यावर पावतीशी ताडून बघायची, हे काम तो सत्तावीस वर्षं करत होता. नंबर बरोबर आणि शर्ट भलत्याचाच, असं त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. जगात सगळीकडेच अदलाबदल चालू आहे, फक्त लोक नीट बघत नाहीत, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. कामावर त्याला सगळे 'पुन्हाबघा' म्हणत. घरी बायको याहून वाईट म्हणायची.

खोकला हटेना म्हणून छातीचा स्कॅन काढला होता. फुप्फुसं स्वच्छ निघाली. पण शेवटी एक ओळ होती: डाव्या स्तनात दीड सेंटिमीटरची गाठ, पुढील तपासणी करावी. स्तन! मिशीवाल्या माणसाला! पुरुषांनाही असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याला डॉक्टरांचाच संशय आला. चूक झाली की सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. लॉन्ड्रीत तो तरी दुसरं काय करत होता?

"अहो, एकदा तपासून तर घ्या," बायको म्हणाली.

"मी काय तपासू? ज्या बाईचा हा रिपोर्ट आहे, ती तिकडे माझा घेऊन खुशीत बसली असेल. तिला कोण सांगणार?"

"दहा दिवस झाले, तिचाच घोर! मला ताप आला तेव्हा जागचे हलला नव्हता."

टोमणा खोटा नव्हता, पण त्या बाईची काळजीही खरी होती. मात्र हल्ली आंघोळ करताना तो डावी बाजू घाईघाईने उरकायचा.

अकराव्या दिवशी तो थेट स्कॅनच्या खोलीत शिरला. "त्या दिवशी माझ्या मागेपुढे कोण बाई होती, तेवढं सांगा. मी स्वतः जाऊन सांगतो तिला."

मशीन चालवणाऱ्या बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी त्याचा स्कॅन पडद्यावर काढला. "ही उजवीकडची बरगडी बघा. पूर्वी मोडलीय आणि वाकडीच जुळलीय. कधी पडला होता का?"

एकोणिसाव्या वर्षी तो शिडीवरून पडला होता. आईने घरीच शेकलं होतं. ना डॉक्टर, ना कागद. त्याचा हात आपोआप उजव्या कुशीवर गेला.

"पुन्हा बघा," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

त्यांनी पुन्हा दाखवलं.

"मग ती बाई?"

"तशी कुणी बाई नाहीच, काका."

आता मात्र तो घाबरला. इतके दिवस दुसऱ्या कुणासाठी घाबरणं किती सोपं होतं!

तो घरी आला तेव्हा बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय, भेटली का तुमची बाई?"

त्याने दार लावून घेतलं. शर्टाची वरची तीन बटणं काढली आणि तिचा हात धरून आत, डाव्या बाजूला नेला. तिची बोटं जरा चाचपडली आणि एका जागी थांबली. तिने हात काढला नाही.

"उद्या कामावर जाऊ नका," ती म्हणाली. "मी येते बरोबर."