कोल्हीला घाबरवायचं होतं

कोल्ही पळाली नाही, तिथेच सगळं बिनसलं.

डॉक्टर मोठ्या पिंजऱ्यात शिरले तेव्हा तिने सिमेंटच्या पाइपात दडी मारायला हवी होती, निदान कोपऱ्यात जाऊन दात तरी विचकायला हवे होते. ती आली शेपूट हलवत. डॉक्टरांच्या बुटांपाशी उताणी पडली आणि पोट वर करून वाट बघत राहिली. जाळीबाहेर उभ्या असलेल्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई," डॉक्टर मागे सरत हळूच म्हणाले, "हिच्याशी कुणीतरी बोलतंय."

जखमी आणि पोरक्या जंगली जनावरांच्या त्या केंद्रात नियम मोजकेच होते, पण ताईने ते प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून बसवले होते. पिल्लांसमोर तोंडातून शब्द काढायचा नाही. अंगात तोच ढगळ करडा अंगरखा, तोंडावर फडकं. खाणं भिंतीतल्या नळीतून आत सरकवायचं, हात दिसता कामा नये. नाव ठेवायचं नाही. कुरवाळायचं तर स्वप्नातसुद्धा नाही. माणूस म्हणजे खाणं, माणूस म्हणजे माया, हे एकदा जनावराच्या मनात बसलं की सुटल्यावर ते थेट पहिल्या घराच्या दारात जाऊन उभं राहतं, आणि पहिल्या घरात काठी नाहीतर बंदूक असतेच. ही कोल्ही आली तेव्हा तिचे डोळेही उघडले नव्हते. कुणा शहाण्याने कुत्र्याचं पिल्लू समजून तिला घरी नेलं, आणि वास सुटल्यावर खोक्यात घालून केंद्राच्या फाटकाशी ठेवून दिलं. त्या शहाण्यावरचा राग ताईने अजून सोडला नव्हता. राग सोडणं तिला जमतच नसे. केंद्रातली माणसं तोंडावर तिला ताई म्हणत आणि पाठ वळली की ठिणगी.

"नाही सुधारली तर?" तिने विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

"मग सोडता येणार नाही. प्राणिसंग्रहालयात जागा आहे, त्यांना कळवावं लागेल. थंडीच्या आधी काय तो निर्णय घ्यायला हवा."

ती जागा ताईने पाहिली होती. फरशीचा पिंजरा, मागच्या भिंतीवर रंगवलेलं जंगल, आणि त्या एवढ्याशा जागेत मरेपर्यंत येरझाऱ्या. लोक येणार, शेंगदाणे फेकणार, पोरं जाळीवर काठ्या फिरवणार. त्यापेक्षा खोक्यातच मेली असती तर काय वाईट होतं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल ती आणखी भडकली.

तिने सगळ्यांना औषधांच्या खोलीत बोलावलं आणि एकेकाची बिनपाण्याने केली. खरा संशय सफाई करणाऱ्या मावशींवर होता, कारण मावशी झाडूशीसुद्धा गप्पा मारत. म्हणून त्यांच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी हातातले रबरी मोजे काढत म्हणाल्या, "मला झोडपून झालं असेल तर उद्या दुपारी मोठ्या पिंजऱ्याकडे चक्कर मारा. आम्ही सगळे एकत्र जेवतो. एक माणूस आमच्यात बसत नाही."

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"म्हातारं माणूस. म्हटलं, जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने मोठ्या पिंजऱ्याच्या आडोशाला ठोकलेल्या फळीच्या फटीला डोळा लावला. पिंजऱ्यात मातीवर फतकल मारून आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे तिचे वडील. कोल्हीने त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकली होती आणि आप्पा तिच्या कानामागे खाजवत होते.

"काल नीट खाल्लं नाहीस ना? का गं बाळा? कुणी काही बोललं का माझ्या बाळाला? आपण नाही हं मनावर घ्यायचं."

ताई फळीला धरून उभी राहिली. आप्पा कापडाच्या कारखान्यात मुकादम होते. यंत्रांच्या खडखडाटावर चढवायचा आवाज ते संध्याकाळी तसाच घरी घेऊन यायचे. पाणी सांडलं, ओरडले. चप्पल वाकडी काढली, ओरडले. कमी गुण मिळाले तर ओरडायचे आणि चांगले मिळाले तर गप्प बसायचे, त्यामुळे ते गप्प बसले की शाबासकी मिळाली असं समजायचं. जिन्यावर त्यांची पावलं वाजली की ताई पुस्तक उघडून बसायची, मग ते उलटं का असेना. आई गेल्यावर ते केंद्रामागच्या दोन खोल्यांत ताईकडे राहायला आले, तेव्हा तो आवाज कुठे गळून पडला होता कुणास ठाऊक. इथे ते मोडक्या पेट्या दुरुस्त करत आणि सगळ्यांची विचारपूस करत. जो तो म्हणायचा, किती गोड आहेत हो तुमचे आप्पा. ताई दातओठ खात हसायची. 'बाळा' हा शब्द त्यांना येतो हे तिला चाळिशी उलटल्यावर कळत होतं, आणि तेही एका कोल्हीमुळे.

"बाहेर या," ती म्हणाली.

आप्पा दचकले. "अगं, एकटी असते ती. म्हटलं, दोन शब्द बोलावेत."

"तुमच्या दोन शब्दांनी तिचं वाटोळं झालं. आता जन्मभर तिला फरशीवर फिरवतील."

"मला काय ठाऊक? तुम्ही सगळे तोंडाला कुलूप लावून हिंडता. ती जनावर आहे, दगड नाही."

"मी तुम्हाला स्वतः सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत."

"मला नीट ऐकू येत नाही हल्ली."

"तिची कुईकुई बरी ऐकू येते."

 आप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि कपड्यांवरची माती झटकत राहिले. कोल्ही त्यांच्या पायांत घुटमळत होती. ताईला दोघांचाही संताप आला.

उपाय डॉक्टरांनी सांगितला, आणि तो ऐकून आप्पांचा चेहरा पडला. डॉक्टर म्हणाले, "हिचा जीव ज्याच्यावर बसलाय त्यानेच तिला घाबरवायला हवं. आम्ही डबे बडवले तर ती आम्हाला भिईल आणि आप्पांकडे धावेल. बाहेर तिला आप्पांसारखा प्रेमळ आवाज लावून कुणी बोलावलं, तर ती जाईल. आणि बोलावणारा प्रत्येक जण आप्पा नसतो."

"नाही तर काय," ताई म्हणाली. तिच्या सुरातली खोच डॉक्टरांना कळली नाही. आप्पांना कळली असावी, कारण त्यांनी नजर खाली घातली.

मग रोज सकाळी आप्पा पिंजऱ्यात जाऊ लागले. पत्र्याच्या डब्यात खडे भरून ते डबा हलवायचे. पाण्याची नळीही धरायचे, पण धार कोल्हीच्या अंगावर कधी जायचीच नाही, शेजारच्या मातीला मात्र रोज भरपूर पाणी मिळायचं. कोल्ही डब्याला घाबरायची, कान पाडून मागे सरायची. डबा थांबला की पुन्हा हजर. तिला तो नवा खेळ वाटू लागला. सकाळी आप्पांची चाहूल लागली की ती दाराशी येऊन उभी राही.

"आवाज काढा," ताई जाळीबाहेरून म्हणायची.

"निघत नाही गं."

"तुमच्या आवाजाने भिंती हलायच्या."

"गेले ते दिवस."

"तुमचे गेले."

असं बरेच दिवस चाललं. मावशी येता-जाता दोघांकडे बघायच्या आणि झाडूशी काहीतरी पुटपुटायच्या. ताईने त्यांची माफी मागायला हवी होती. ती दोनदा त्यांच्याकडे गेलीही, आणि दोन्ही वेळा कोपरा नीट झाडला नाही म्हणून बोलून परत आली.

सकाळची हवा बोचायला लागली तशी डॉक्टरांनी कोल्हीच्या शेवटच्या परीक्षेची तारीख ठरवली. त्या दिवशी ते फळीमागे उभे राहिले. आत आप्पा आणि ताई. कोल्ही आप्पांच्या जवळ आली नाही तर बरं, आली तर संध्याकाळी प्राणिसंग्रहालयाला फोन जाणार होता.

कोल्ही पाइपातून बाहेर आली. आप्पांनी डबा वाजवला. ती थबकली, नाक वर करून वास घेतला आणि पुन्हा चालू लागली. आप्पांनी डबा आणखी जोरात वाजवला. तिने शेपूट हलवली.

"आप्पा," ताई म्हणाली, "ही शेवटची वेळ आहे. तुम्हाला तिच्याशी गोड वागायचंय ना? मग वागा. दर रविवारी जा तिला भेटायला, तिकीट काढून. लोकांबरोबर उभे राहा आणि बघा तिला येरझाऱ्या घालताना. सगळं आयुष्य जिथे ओरडायचं नव्हतं तिथे ओरडलात. आणि एकदा, एकदाच तुमच्या ओरडण्याचा कुणाला उपयोग आहे, तर तुमचा घसा बसला?"

कोल्ही आप्पांच्या पावलापाशी आली. खाली बसली. उताणी व्हायला मान कलती केली.

आणि आप्पा ओरडले.

"चालती हो! चालती हो इथून! तोंड दाखवू नकोस मला!"

पत्रा फाटावा तसा आवाज होता. कोल्ही उडालीच. पाय घसरले, तोंडावर आपटली, उठली, पुन्हा आपटली आणि खरवडत पाइपात शिरली. जाताना वाटेत मुतली. आप्पा तिच्यामागे दोन पावलं गेले आणि तसेच ओरडत राहिले. सगळे शब्द जुने होते, एकही नवा शोधावा लागला नाही. मग ते थांबले. पाइपात कसलीच हालचाल नव्हती. फळीमागून डॉक्टर म्हणाले, "मानलं. फोन करत नाही मी."

आप्पा हसत वळले आणि त्यांना ताई दिसली.

ती जाळीला पाठ लावून उभी होती. हात अंगाशी ताठ, हनुवटी छातीला टेकलेली, डोळे जमिनीवर. ती तिथवर कधी सरकली हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. 

आप्पांच्या तोंडावरचं हसू गेलं.

"तू अजून घाबरतेस मला?"

या प्रश्नाची उत्तरं तिने वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवली होती. लांबलचक, एकेक शब्द वर्मी लागेल अशी. त्यातलं एकही आठवेना.

"हो," ती म्हणाली. खोटं बोलून त्यांना बरं वाटू द्यायची तिची तयारी नव्हती.

आप्पांनी हातातला डबा खाली ठेवला. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "उद्या परत ओरडायचं?"

"रोज. सोडेपर्यंत. एकदा ओरडून भागत नाही."

"बरं." ते ताईकडे न बघता म्हणाले, "मग तू इथे थांबू नकोस. मी आत असेन तेव्हा लांब जात जा. रस्त्यापलीकडे जा."

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. उलट पित्त खवळलं. पोरीला आपला आवाज ऐकू जाऊ नये एवढं साधं त्यांना सुचत होतं, सुचू शकत होतं, आणि ते सुचायला एक कोल्ही मध्ये यावी लागली. ती बाहेर पडली. दुसऱ्या दिवसापासून मात्र सकाळी रस्त्यापलीकडे जाऊ लागली. तिथवरही थोडा आवाज यायचाच.

कोल्हीला सोडायला गेले तेव्हा गाडी ताईनेच चालवली. माळाच्या कडेला डॉक्टरांनी आणि आप्पांनी पेटी उतरवली, दार उचललं आणि दोघे मागे सरले. ताई गाडीतच बसून राहिली. कोल्ही बाहेर आली. समोर उंच सुकं गवत होतं, त्यापलीकडे झाडी. ती त्या बाजूला चार उड्या गेली आणि थांबली. मागे वळून तिने आप्पांकडे पाहिलं.

आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते गाडीकडे वळले आणि हाताने खूण केली: काच वर कर.

ताईने हात बटणावर नेला, आणि काढून घेतला.

आप्पांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते ओरडले. ताईचे खांदे आपसूक वर आले, हात मांड्यांना चिकटले. तरी ती ऐकत राहिली. लहानपणी या आवाजापुढे ती कान बंद करायची, मनात पाढे म्हणायची. आज तिने तो शेवटपर्यंत ऐकला. शेवटी शेवटी तो चिरकला, फाटला, आणि त्यात शब्दच उरले नाहीत, तेही ऐकलं.

कोल्ही एवढा वेळ थांबली नव्हती. ती केव्हाच गवतात शिरून दिसेनाशी झाली होती, आणि आप्पा अजून ओरडत होते.